आशीर्वादाचं पाकीट

ठाण्यात आशीर्वादाला तोटा नाही. तीन हात नाक्यावर मान वर केली की कुणा ना कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसतो आणि 'आपले आशीर्वाद असेच पाठीशी असू द्या' ही ओळ त्यावर असायचीच. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांच्या जाहिरातींनाही आशीर्वादाशिवाय करमत नाही. त्यात आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची भर वेगळीच. आमच्याकडे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायला, कुणी उभं राहिलं की दर दोन वाक्यांनी हा शब्द येतो. ऐरोलीत वन बीएचके झाला, देवाने आशीर्वादित केलं. मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला, देवाने आशीर्वादित केलं. नवी गाडी आली की मागच्या काचेवर बायबलच्या वचनाचा स्टिकर लागलाच म्हणून समजा.

कुणाच्या आनंदावर विरजण घालायचा माझा हेतू नाही. पण ज्या आशीर्वादाचे स्टिकर आपण लावतो, तो बायबलातल्या 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात कसा आलाय हे जरा नीट वाचायला हवं. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो; परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो आणि तुझ्यावर कृपा करो; परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे करो आणि तुला शांती देवो. उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून हे म्हणतात, तोवर निम्म्या मंडळीचे हात स्कूटरच्या चावीकडे गेलेले असतात. यात कुठेही 'मला' नाही. अहरोनाला, म्हणजे इस्राएलच्या पहिल्या मुख्य याजकाला, आणि त्याच्या मुलांना सांगितलंय की हे शब्द लोकांवर उच्चारा. स्वतःसाठी मागायची ही प्रार्थनाच नाही, ते नेमून दिलेलं काम आहे आणि ते दुसऱ्यासाठी करायचं आहे. पुढच्याच वचनात देव म्हणतो की, तुम्ही माझं नाव त्यांच्यावर ठेवा, आशीर्वाद मी देईन. म्हणजे याजकाच्या हाती फक्त उच्चार आहे. त्याच्या पोतडीत आशीर्वाद नाही, त्याला तो राखून ठेवता येत नाही, वाढवून देता येत नाही आणि विकता तर मुळीच येत नाही.

हे शब्द पहिल्यांदा ज्यांच्यावर उच्चारायचे होते ते लोक कोण होते? सीनायच्या रानात तंबू ठोकून राहिलेले. एक गुंठा जमीन कुणाच्या नावावर नाही. शिरगणती नुकतीच झालेली, कूच करायचं अजून बाकी. या पुस्तकाचा चौदावा अध्याय वाचला की अंगावर काटा येतो: वीस वर्षं आणि त्यावरच्या ज्या पुरुषांची मोजणी झाली, त्यांतले कालेब आणि यहोशवा सोडून सगळे त्या रानातच मेले. वचनदत्त देश त्यांनी पाहिला नाही. आशीर्वाद म्हणजे घराची किल्ली, असं धरून चाललं तर हा आशीर्वाद पहिल्याच पिढीत फसला म्हणायचा. तरीही इस्राएल लोकांनी तो टाकून दिला नाही, हे विशेष.

किती जपला, याचा पुरावा 1979 साली यरुशलेमेजवळ केतेफ हिन्नोम इथे सापडला. गॅब्रिएल बार्काय या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात एका दफनगुहेतून चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या निघाल्या. पत्रा इतका नाजूक झाला होता की तो फाटू न देता उलगडायला काही वर्षं गेली. आत जुन्या इब्री लिपीत याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले होते. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीचा किंवा सहाव्याच्या आरंभाचा. आज आपल्या हाती असलेल्या बायबलच्या मजकुरांपैकी हा सर्वांत जुना. त्या गुंडाळ्या गळ्यात किंवा अंगावर बांधायच्या होत्या, असं अभ्यासक मानतात. म्हणजे सरळ ताईतच की!

तेव्हा स्टिकर लावणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात दुचाकी घालणाऱ्या माणसाला 'तुझे संरक्षण करो' हे शब्द टाकीवर चिकटवावेसे वाटले तर मला ते समजतं; गायमुखच्या उतारावर खड्डे चुकवताना मीही मनात तेच म्हणतो. सव्वीसशे वर्षांपूर्वीच्या माणसाचीही हीच ओढ होती. फक्त त्या गुंडाळ्या सापडल्या कबरीत, ही गोष्ट नजरेआड करू नये. ज्याच्याजवळ त्या होत्या तो माणूस मेला, आणि त्याच्या माणसांनी संरक्षणाचे शब्द फोल ठरले म्हणून फेकून दिले नाहीत, त्याच्याबरोबर ठेवले. संरक्षणाचा अर्थ त्यांनी काय लावला असेल हे सांगणं अवघड आहे. 'काहीही वाईट होणार नाही' एवढा सोपा तो नक्कीच नव्हता.

याच शब्दांशी ठाण्याचं आणखी एक नातं आहे आणि ते आमच्या मंडळ्यांपेक्षा जुनं आहे. टेंभी नाक्याजवळ 'शार हाशामायिम' हे बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, आहे, 1879 सालचं. अलिबागच्या किनाऱ्याला लागलेले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेलेले, आडनावांना गावाचा 'कर' लावणारे हे लोक. घरात मराठी, प्रार्थनेत इब्री. 1948 नंतर पुष्कळजण इस्राएलला गेले, पण ठाण्यातलं सिनेगॉग चालू राहिलं. यहुदी रिवाजात हा आशीर्वाद हात पसरून द्यायचा मान कोहेन घराण्यांचा, म्हणजे अहरोनाच्या वंशजांचा. बेने इस्राएलमध्ये परंपरेने कोहेन घराणीच नाहीत. मग काय करायचं? यहुदी प्रथेत त्याचीही सोय आहे: कोहेन हजर नसेल तर प्रार्थना चालवणारा हेच शब्द देवाकडे विनंती म्हणून वाचतो. अधिकारी माणूस नाही म्हणून आशीर्वाद अडून राहत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. 'अभिषिक्त सेवकाच्या हातूनच आशीर्वाद मिळतो' असं आमच्याकडे जे हल्ली ठासून सांगतात, त्यांनी टेंभी नाक्यापर्यंत एक फेरी मारावी.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, आणि ते कच्चं नाही. नगर-जालन्याच्या बाजूने पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या आमच्या घराण्यांना आजोबा-पणजोबांच्या पिढीत गावात पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं. त्यांच्या नातवाने कळव्याच्या चाळीतून निघून घणसोलीला स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि तो 'देवाने आशीर्वाद दिला' म्हणाला, तर त्याला 'भौतिक गोष्टींच्या मागे लागलास' असं ऐकवणारा मी कोण? ज्यांच्या घरी तीन पिढ्यांचं सोनं आहे त्यांनाच असा उपदेश परवडतो. बायबललाही परातीची आणि टोपलीची लाज वाटत नाही. बायबलातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तुझी टोपली आणि तुझी परात आशीर्वादित होईल असं चक्क लिहिलंय. धान्य, गुरं, पाऊस, पोरंबाळं, सगळं त्यात आहे.

हे मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. माझं भांडण तिथे सुरू होतं जिथे हे वाक्य उलटं फिरवलं जातं. मिळालं म्हणजे आशीर्वाद, इथपर्यंत ठीक. पण मग ज्याला मिळालं नाही त्याचं काय? लग्नाला नऊ वर्षं होऊनही पाळणा हलला नाही त्या जोडप्याला मंडळीतल्याच बायका 'घरात काही अडथळा आहे का बघा' म्हणतात. किमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या उशाशी बसून 'विश्वास कमी पडतोय' म्हणणारे आपल्यातलेच असतात. तुर्भ्याच्या कंपनीतून काढून टाकलेल्या माणसाला उपकारस्तुतीच्या रविवारी उभं राहायची चोरी होते. साक्षीचा माईक फक्त जिंकलेल्यांच्या हातात फिरतो, आणि बाकीचे तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसून आपलं काय चुकलं याचा हिशेब करत राहतात.

लूकच्या शुभवर्तमानात म्हातारा शिमोन मंदिरात येतो, बाळ येशूला हातांत घेतो, मरीया आणि योसेफ यांना आशीर्वाद देतो आणि लगेच मरीयेला सांगतो की तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल. आशीर्वाद आणि तलवार एकाच दमात, आणि शिमोनाला त्यात काही विसंगत वाटलेलं नाही. आपल्याला वाटतं, कारण आपण आशीर्वादाची यादी करून बसलोय.

ती यादी छापील स्वरूपातही पाहायला मिळते. मध्यंतरी एका सभेत खुर्चीवर एक पाकीट ठेवलेलं होतं. कुणाची सभा ते इथे महत्त्वाचं नाही. पाकिटावर चौकोन होते: नोकरी, स्वतःचं घर, विवाह, संतान, परदेश, कर्जमुक्ती, आरोग्य. ज्यावर आशीर्वाद हवा तिथे खूण करायची. खाली नाव, मोबाइल नंबर, आणि त्याखाली 'विश्वासाचं बीज' म्हणून रकमेसाठी रिकामी रेघ. शेजारी क्यूआर कोड. माझ्या शेजारच्या बाईंनी पर्समधून चष्मा काढला, कर्जमुक्तीवर खूण केली आणि रेघेवर आधी पाचशे लिहिले. मग व्यासपीठावरून 'मोजून पेराल तर मोजूनच कापाल' असं आल्यावर पाचाच्या आधी एक एकडा काढला. कर्ज फेडण्यासाठी पंधराशे रुपये देऊन त्या घरी गेल्या.

हा शुद्ध व्यापार आहे, आणि बायबलने त्याची दखल घेतलेली आहे. ज्या गणनामध्ये अहरोनाचा आशीर्वाद आहे त्याच पुस्तकात पुढे मवाबचा राजा बालाक येतो. त्याला पक्की खात्री असते की आशीर्वाद आणि शाप भाड्याने मिळतात. तो बलामाकडे मोबदला घेऊन माणसं पाठवतो, नकार आल्यावर आणखी वजनदार माणसं पाठवतो. बलाम काही संत नव्हता, त्याचा डोळा मोबदल्यावर होता असं पुढे नव्या करारातही म्हटलंय. पण त्यालासुद्धा सांगावं लागलं की बालाकाने आपलं घर भरून सोनंरुपं दिलं तरी मला परमेश्वराच्या शब्दापलीकडे जाता येणार नाही. प्रेषितांच्या कृत्यांत शोमरोनचा शिमोन, आधीचा जादूगार, हात ठेवून पवित्र आत्मा देण्याचा अधिकार विकत मागतो. पेत्राचं उत्तर सौम्य नाही: तुझ्या पैशाबरोबर तुझाही नाश होवो. आज त्याच शिमोनाला आपण पहिल्या रांगेत बसवून त्याच्याच हस्ते फीत कापून घेतली असती, असा मला दाट संशय आहे.

कुणी म्हणेल, मग पोलिसांत जा. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि चमत्काराचा देखावा करून पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे, मग उकळणारा कुठल्याही धर्माचा असो. तो कायदा मला हवाच आहे. पण पाकिटावर खूण करणाऱ्या बाई तक्रार करणार नाहीत, कारण फसवणूक झाली असं त्यांना वाटतच नाही. आपलं बीज कमी पडलं असं वाटतं. हे काम मंडळीचं आहे. पाळक-पंचांनी व्यासपीठावरून सांगायला हवं की आशीर्वादासाठी पैसे लागत नाहीत आणि जो मागतो त्याच्या सभेला आम्ही गाड्या लावणार नाही. 'आपल्या लोकांची धुणी बाहेर कशाला' म्हणून आपण गप्प बसतो. आणि मग बाहेरचे कुणी आमिष दाखवून धर्मांतर केल्याचा आरोप करतात तेव्हा दुखावतो. 'या आणि नोकरीचा आशीर्वाद घ्या' असा फ्लेक्स आपणच चौकात लावला असेल तर त्यांच्या हातात काठी कुणी दिली?

इतकं सगळं नको त्या गोष्टींबद्दल झालं. रोजच्या आयुष्यात या आशीर्वादाचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि मला त्याचं उत्तर देवळापेक्षा शेतात जास्त सापडतं. रूथच्या पुस्तकात बवाज बेथलेहेमहून आपल्या शेतावर येतो. सातूची कापणी चाललीय. तो कापणाऱ्यांना म्हणतो, परमेश्वर तुमच्याबरोबर असो. ते उत्तर देतात, परमेश्वर आपल्याला आशीर्वाद देवो. याजक नाही, व्यासपीठ नाही, घामेजलेली माणसं आणि त्यांचा मालक. मालक आधी बोलतो हे महत्त्वाचं. मग मुकादमाला विचारतो, ही मुलगी कोण? मागे पडलेली कणसं वेचणाऱ्या परक्या मवाबी बाईकडे, रूथकडे, त्याची नजर जाते. वाशीच्या एपीएमसी मार्केटात पहाटे पाठीवर गोणी घेऊन चाललेल्या माथाडीला गाळ्यात बसलेला माणूस आधी नमस्कार घालतो का, हे कधी उभं राहून बघा. माथाडींना नोंदणी, हक्काची मजुरी आणि फंड मिळावा म्हणून 1969 साली कायदा करावा लागला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांची वर्षानुवर्षांची लढाई होती. शेतमालकाच्या एका नमस्काराने ते काम झालं नसतं हे खरंच. पण बवाजही नुसत्या नमस्कारावर थांबत नाही.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तर आशीर्वादाची दिशाच उलटी आहे. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळताना ते परत कर, म्हणजे तो ते अंगावर घेऊन निजेल आणि तुला आशीर्वाद देईल. लागूनच म्हटलंय की मजुराची मजुरी त्याच दिवशी, दिवस मावळण्याआधी दे. इथे आशीर्वाद देणारा कोण? ज्याच्याकडे रात्री पांघरायला दुसरं काही नाही तो. 'आम्ही आशीर्वादित कुटुंब' अशी पाटी दारावर लावणाऱ्याने एक बारीक चौकशी करावी: घरकाम करणाऱ्या ताईंचा पगार सात तारखेवरून बारा तारखेला ढकलला गेला त्या महिन्यात त्या आपल्याबद्दल घरी काय बोलल्या असतील? अनुवादाच्या हिशेबाने त्या दिवशी आशीर्वाद त्यांच्या तोंडी होता, आणि तो आपल्याला मिळाला नाही.

तीन वाक्यांच्या त्या आशीर्वादात मुख दोनदा येतं. देव आपलं तोंड माणसाकडे वळवतो, तेही जमावाकडे म्हणून नाही, एकेकट्या माणसाकडे. आणि आम्ही काय करतो? ठाण्याच्या एका बऱ्यापैकी उंच इमारतीत लिफ्टच्या दाराशी लॅमिनेट केलेला कागद आहे: घरकामगार, डिलिव्हरी बॉय व वाहनचालक यांनी सर्व्हिस लिफ्टचाच वापर करावा. दोन रहिवासी लिफ्ट, एक सर्व्हिस. सर्व्हिस लिफ्ट महिन्यातून दोन-तीनदा बंद पडते, तेव्हा चौदाव्या मजल्यावर भांडी घासायला जाणारी बाई जिना चढते. मोकळी रहिवासी लिफ्ट तिच्या शेजारून वर जाते. त्या लिफ्टमध्ये आरसा आहे. आत येणारा प्रत्येकजण एकतर आरशात बघतो नाहीतर मोबाइलमध्ये. या इमारतीत ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांच्या दारांवर वचनं आहेत, नाताळात कॅरल म्हणणारी मुलं प्रत्येक मजल्यावर जातात. कागद लावायचा ठराव आला तेव्हा यांच्यापैकी कुणीही विरोध नोंदवला नाही. मी त्या सभेला नव्हतो, पण इतिवृत्त वाचलंय: ठराव एकमताने मंजूर.

एका ज्येष्ठ सभासदांशी यावर बोललो. माणूस चांगला, रोज सकाळी बायबल वाचणारा. म्हणाले, 'अहो, सोसायटीच्या भानगडीत देवाला कशाला ओढता? सुरक्षेचा प्रश्न असतो, मेंटेनन्सचा असतो.' सुरक्षेचा प्रश्न समजू शकतो. पण ज्या बाईला आपण घराची किल्ली देतो तिच्याबरोबर सात-आठ मजले उभं राहण्यात कुठली सुरक्षा धोक्यात येते हे त्यांनाही सांगता येईना. मेंटेनन्सचं म्हणाल तर वजनाने लिफ्ट बिघडते, माणसाच्या धंद्याने नाही. राहता राहिला देवाला ओढण्याचा मुद्दा. बवाजाचं शेत त्याच्या मालकीचं होतं. तिथे कोण कुठवर येणार हे ठरवायचा अधिकार त्याचा होता, मुकादमाच्या यादीत रूथचं नाव नव्हतं, आणि पेंढ्यांच्या मधे शिरून वेचणं हे वेचणाऱ्यांच्या रिवाजात बसत नव्हतं. सकाळी आशीर्वादाची देवाणघेवाण झाली होती; जेवणं उरकल्यावर त्याने आपल्या गड्यांना हुकूम दिला, तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, तिला लाजवू नका. सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे, आणि लिफ्टचा विषय पुन्हा घ्यावा असं पत्र सचिवांकडे द्यायला दोन सभासदांच्या सह्या हव्या आहेत. एक त्यांनी करायचं कबूल केलंय.